घरातील प्रिंटर : जोडणी, बिघाड आणि निदानाची रीत

शासन आणि नागरिक यांच्यातील व्यवहार पूर्वापार कागदावर चालत आला आहे. गेल्या काही दशकांत दाखले, उतारे, पावत्या आणि अर्ज संगणकावर आले. परंतु त्यामुळे कागदाचे महत्त्व संपले असे झाले नाही. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी, डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा ऑनलाइन उपलब्ध करून देण्यास राज्यात प्रारंभ झाला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अशा स्वाक्षरीस कायद्याची मान्यता आहे. साहजिकच, ज्या उताऱ्यासाठी पूर्वी तलाठी कार्यालयात जावे लागे, तो आता घरबसल्या मिळू शकतो. मात्र पडद्यावर आलेला उतारा बँकेत, शाळेत किंवा पतसंस्थेत सादर करावयाचा असेल, तर अनेकदा तो कागदावर उतरवावाच लागतो. ऑनलाइन सेवेचे हे शेवटचे पाऊल प्रिंटरच्या हाती असते. ते अडले, की आधीची सर्व सोय त्या दिवसापुरती तरी निष्फळ ठरते.

दोन मानपाडे, एकच अडचण

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे परिचित आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या बाजूस. दुसरे डोंबिवली पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्यालगत. कल्याण-शीळ रस्त्याच्या परिसरातील २७ गावे १ जून २०१५ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यामुळे या भागातील अनेक कुटुंबांच्या कपाटात जुन्या पावत्या ग्रामपंचायतीच्या, तर नव्या महापालिकेच्या, असा कागदांचा दुहेरी संसार आढळतो. दोन्ही मानपाड्यांत आता मोठी गृहसंकुले उभी आहेत. तेथील नोकरदार सकाळी लवकर घर सोडतो आणि परततो तेव्हा झेरॉक्सची दुकाने बंद होण्याच्या बेतात असतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा तर शाळा घरात आली, कचेरी घरात आली आणि दुकाने मात्र बंद राहिली. घरात स्वतःचा प्रिंटर असावा, ही गरज अनेकांना त्या काळात प्रथम जाणवली.

समजा, अशाच एका घरात रात्री दहा वाजता मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला छापावयाचा आहे. कागदपत्रे सादर करण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपते. संगणकावरून छपाईची आज्ञा दिली जाते. प्रिंटर स्तब्ध राहतो. आज्ञा पुन्हा दिली जाते, आणखी चार वेळा दिली जाते. अखेर 'प्रिंटर बिघडला' असा निष्कर्ष काढून सारे झोपी जातात. वस्तुतः 'प्रिंटर चालत नाही' या एका वाक्यात किमान डझनभर निरनिराळे दोष सामावलेले असतात आणि त्यांतील बहुतेक दोष खुद्द यंत्रात नसतात. ते संगणक व यंत्र यांच्यातील दुव्यात, कागदात किंवा छापावयाच्या मजकुरात असतात. दोष नेमका कोठे आहे हे क्रमाने शोधण्याची रीत अवगत झाली, तर दुरुस्तीसाठी बाहेर जाण्याची वेळ क्वचितच येते. ही रीत समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्राचे दोन प्रकार

घरगुती वापरात प्रामुख्याने दोन प्रकारचे प्रिंटर असतात. शाईचा प्रिंटर, म्हणजे इंकजेट, कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडवितो. छपाईच्या डोक्यावर असंख्य बारीक छिद्रे असतात. काही कंपन्यांच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याच्या दाबाने थेंब बाहेर फेकला जातो, तर काहींत विजेच्या दाबाने आकुंचन पावणारे स्फटिक हे काम करतात. शाई पाण्यासारखी पातळ असल्याने ती वापरली न गेल्यास छिद्रांतच सुकते. ज्या घरात महिनोन्महिने एकही पान छापले जात नाही, तेथे इंकजेट यंत्र वारंवार रुसते, याचे कारण हेच होय.

दुसरा प्रकार लेसर प्रिंटरचा. यात शाई नसते. टोनर नावाची कोरडी, बारीक भुकटी असते. प्रकाशकिरणाने एका फिरत्या दंडगोलावर अक्षराची विद्युतभारित प्रतिमा उमटते, तिला भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि तापलेल्या रुळांमधून जाताना वितळून कागदात पक्की बसते. या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली केलेल्या कोरड्या छायाप्रतीच्या शोधात आहे. त्यावरूनच पुढे झेरॉक्स हा शब्द मराठीच्या दैनंदिन व्यवहारात रूढ झाला. भुकटी सुकण्याचा प्रश्न नसल्याने क्वचित व फक्त काळी छपाई करणाऱ्या घरास लेसर यंत्र सोयीचे पडते. शाळकरी मुलांच्या प्रकल्पांसाठी रंगीत छपाई नित्य लागत असेल, तर टाकीत शाई भरता येणारे इंकजेट यंत्र परवडते. मात्र आठवड्यातून निदान एक रंगीत पान छापण्याचा परिपाठ ठेवावा.

जागा, वीज आणि पहिली मांडणी

प्रिंटर सपाट व स्थिर जागी, खिडकीतून येणारा पाऊस आणि थेट ऊन यांपासून दूर ठेवावा. लेसर प्रिंटरमधील रूळ तापताना तो क्षणभर बराच वीजप्रवाह ओढतो. म्हणून त्याचे बटण संगणकाच्या लहान यूपीएसवर न लावता भिंतीतील स्वतंत्र, अर्थिंग असलेल्या प्लगवर लावावे. अन्यथा छपाई सुरू होताच यूपीएस ओरडू लागतो व संगणकही बंद पडण्याचा धोका असतो.

नवे यंत्र खोक्यातून काढल्यावर त्याच्या आत-बाहेर लावलेल्या रंगीत चिकटपट्ट्या आणि फोमचे तुकडे शोधून काढावेत. वाहतुकीत भाग हलू नयेत म्हणून ते लावलेले असतात. नव्या यंत्रात पहिलाच कागद अडकण्याचे कारण पुष्कळदा आत राहिलेली अशी एखादी पट्टी असते. त्यानंतर शाई किंवा कार्ट्रिज बसवावे. टाकीच्या यंत्रात पहिल्यांदा शाई नळ्यांतून डोक्यापर्यंत पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. या अवधीत यंत्र बंद करू नये. मग कागद भरावा आणि दोन्ही बाजूंच्या सरकपट्ट्या त्याला अलगद टेकतील अशा लावाव्यात. त्या सैल राहिल्या तर कागद तिरका जातो, घट्ट बसल्या तर आत ओढला जात नाही.

संगणकाशी जोडणी

जोडणी केबलने किंवा वाय-फायने करता येते. घरात एकच संगणक असेल तर यूएसबी केबल हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. यंत्रासोबतच्या सूचनापत्रात केबल केव्हा जोडावी हे सांगितलेले असते. काही प्रिंटरच्या बाबतीत आधी आज्ञावली घालून, ती मागेल तेव्हाच केबल जोडणे आवश्यक ठरते. घाईने केबल आधी लावल्यास संगणक यंत्राची ओळख अर्धवट करून घेतो आणि पुढे अडचण येते.

वाय-फायची जोडणी सोयीची असली तरी तिच्या दोन अटी आहेत. प्रिंटर आणि संगणक किंवा भ्रमणध्वनी हे एकाच राउटरच्या एकाच जाळ्यावर असले पाहिजेत. पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले जाळे यासाठी चालत नाही, कारण त्यावरील उपकरणांना एकमेकांशी बोलता येऊ नये अशीच त्याची रचना असते. दुसरे असे, की अनेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सुरू असेल, तर अशा प्रिंटरला घरचे जाळे दिसतच नाही आणि वापरणारा पासवर्ड चुकला असे समजून तोच पुन्हा पुन्हा घालत बसतो.

ड्रायव्हर या शब्दाने पुष्कळांचा गोंधळ होतो. संगणकाची भाषा आणि त्या विशिष्ट प्रिंटरची भाषा यांच्यामध्ये काम करणारा हा दुभाषी होय. दुभाषी चुकीचा असेल तर कागदावर निरर्थक चिन्हांच्या ओळी उमटतात किंवा एकामागून एक कोरी पाने बाहेर पडतात. अलीकडच्या अनेक प्रिंटरशी संगणक स्वतंत्र ड्रायव्हरवाचूनही बोलू शकतो. तरीही ड्रायव्हर लागल्यास तो निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, प्रतिरूपाचा क्रमांक अक्षरशः जुळवून घ्यावा.

निदानाचा क्रम

आता रात्री दहा वाजताच्या त्या घराकडे पुन्हा वळता येईल. तेथे घाईने पाच वेळा आज्ञा देण्याऐवजी चार प्रश्न क्रमाने विचारले असते, तर दोष काही मिनिटांत हाती आला असता.

पहिला प्रश्न : यंत्र स्वतः काम करते काय? जवळपास प्रत्येक प्रिंटरला संगणकाच्या मदतीवाचून, केवळ स्वतःची बटणे दाबून चाचणी-पान छापता येते. त्याची कृती सूचनापत्रात असते. हे पान नीट निघाले, तर शाई, कागद आणि यंत्राचे अंग ठीक आहे असे निश्चित मानावे. या एका चाचणीने दुरुस्तीचे कित्येक फेरे वाचतात.

दुसरा प्रश्न : दुवा शाबूत आहे काय? केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का, वाय-फायचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, संगणक त्याच जाळ्यावर आहे का, हे पाहावे.

तिसरा प्रश्न : संगणक योग्य प्रिंटरकडे आज्ञा पाठवितो काय? छपाईच्या चौकटीत पुष्कळदा प्रिंटरऐवजी 'पीडीएफ म्हणून साठवा' किंवा जुन्या, काढून टाकलेल्या यंत्राचे नाव निवडलेले असते. आज्ञा दिली जाते, संगणक ती पाळतोही. मात्र कागदावर काही येत नाही.

चौथा प्रश्न : दोष त्या मजकुरातच आहे काय? साध्या चार ओळींचे दुसरे पान छापून पाहावे. ते छापले गेले आणि दाखला मात्र अडला, तर दोष दाखल्याच्या फाइलमध्ये आहे, हे उघड होते.

'ऑफलाइन' आणि अडलेली रांग

वाय-फायवरील प्रिंटरबाबत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे पडद्यावर दिसणारा 'ऑफलाइन' हा शब्द. यंत्र समोर सुरू असते आणि संगणक मात्र ते बंद आहे असे सांगतो. याचे एक नेहमीचे कारण पत्त्याचे असते. राउटर प्रत्येक उपकरणास एक क्रमांकाचा पत्ता देतो. वीज जाऊन आली की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो, परंतु संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतो. घर बदललेल्या माणसाची पत्रे जुन्या दारी पडावीत, तसाच हा प्रकार. यावर सोपा उपाय असा, की प्रथम राउटर, तो पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर आणि शेवटी संगणक, या क्रमाने तिन्ही बंद करून पुन्हा चालू करावेत. तेवढ्याने न भागल्यास प्रिंटर संगणकाच्या यादीतून काढून नव्याने जोडावा. वारंवार हीच अडचण येत असेल, तर राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. ती एकदा करून घेतली म्हणजे प्रश्न कायमचा मिटतो. विंडोज असलेल्या काही संगणकांत 'प्रिंटर ऑफलाइन वापरा' या पर्यायावर चुकून खूण पडलेली असते. तीही पाहून काढावी.

दुसरी अडचण रांगेची. संगणक छापावयाचा मजकूर थेट यंत्रात ओतत नाही. तो आधी एका रांगेत ठेवतो आणि यंत्राच्या वेगाने पुढे सोडतो. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस स्पूलर म्हणतात. रांगेतील पहिलाच मजकूर अडकला, तर मागचे सर्व खोळंबतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा छपाईची आज्ञा दिल्याने रांग फक्त लांबते आणि अडसर दूर होताच एकाच दाखल्याच्या पाच-सहा प्रती भराभर बाहेर पडतात. म्हणून प्रथम रांग उघडून तिच्यातील सर्व आज्ञा रद्द कराव्यात. त्या रद्द होत नसतील, तर प्रिंटर बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा, किंवा विंडोजमधील सर्व्हिसेसच्या यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधून तो पुन्हा चालू करावा. त्यानंतर आज्ञा एकदाच द्यावी आणि वाट पाहावी.

यंत्राची अडचण वापरणाऱ्यास वेळेवर न कळणे हा प्रश्न जुना आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन हे संगणकतज्ज्ञ कार्यरत होते. दूरच्या मजल्यावरील प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांस तसा संदेश मिळावा, अशी सोय त्यांनी जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत केली होती. नव्या लेसर प्रिंटरबाबत मात्र आज्ञावलीचा मूळ मजकूर त्यांना मिळू शकला नाही. १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलीची जी चळवळ सुरू केली, तिच्या मागील अनुभवांत या प्रसंगाचा ते स्वतः उल्लेख करतात. एका अडकलेल्या कागदाचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पावसाळा आणि कागद

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा पट्टा खाडीलगतचा. पावसाळ्यात येथील हवा दिवसेंदिवस ओलसर राहते. कागद हवेतील ओलावा शोषून घेतो. त्याच्या कडा वळतात आणि दोन-तीन पाने एकमेकांना चिकटून एकदम आत जातात. लेसर यंत्रात असा दमट कागद तापलेल्या रुळांतून जाताना आणखी वाकतो. जून ते सप्टेंबर या काळात कागद अडकण्याचे प्रमाण वाढले, की यंत्र जुने झाले असा समज होतो. मात्र दोष कागदाच्या साठवणीत असू शकतो. रीम फोडल्यावर उरलेला कागद त्याच्याच वेष्टनात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात आडवा ठेवावा. ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद भरावा आणि भरण्यापूर्वी पानांची गड्डी पत्त्यांसारखी पिसून हवा खेळवावी. साधारणतः ७० ते ८० ग्रॅम वजनाचा कागद घरगुती यंत्रास मानवतो.

कागद अडकलाच तर प्रथम वीज बंद करावी. लेसर यंत्र असल्यास आतील भाग निवू द्यावा, कारण रूळ हात भाजेल इतके तापलेले असतात. नंतर कागद दोन्ही हातांनी धरून, तो ज्या दिशेने प्रवास करीत होता त्याच दिशेने, शक्यतो हळूहळू ओढावा. हिसका दिल्यास तो फाटतो आणि आत राहिलेला नखाएवढा तुकडा पुढील प्रत्येक पान अडवितो. कागद आत ओढलाच जात नसेल, तर कागद उचलणाऱ्या रबरी रुळावर धूळ बसलेली असते. किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने तो पुसून वाळू द्यावा.

कागदाच्या मापाचाही एक छुपा दोष आहे. आपल्याकडील ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. अमेरिकेतील 'लेटर' माप २१६ बाय २७९ मिलिमीटरचे आहे. संगणकात किंवा प्रिंटरमध्ये 'लेटर' हे माप निवडलेले राहिले, तर यंत्र समोर कागद असूनही 'कागद भरा' असा संदेश देत थांबते, किंवा पानाच्या कडेचा मजकूर कापला जातो. शासकीय दाखल्याच्या तळाशी पडताळणीचा क्रमांक असेल आणि नेमकी तीच ओळ कापली गेली, तर तो कागद छापूनही निरुपयोगी ठरतो.

फिकी अक्षरे आणि पट्टे

इंकजेट यंत्रात अक्षरांतून पांढऱ्या रेघा दिसू लागल्या, तर काही छिद्रे बुजली आहेत असे समजावे. यंत्रातील 'नोझल चेक' ही चाचणी प्रथम छापावी आणि रेघा तुटक असतील तरच सफाईची आज्ञा द्यावी. प्रत्येक सफाईत शाई खर्च होते. म्हणून दोन-तीन वेळा करूनही गुण न आल्यास यंत्र काही तास तसेच ठेवून मग पुन्हा प्रयत्न करावा. लेसर यंत्रात पानाचा काही भाग फिका आला, तर टोनर संपत आला आहे हे ओळखावे. कार्ट्रिज काढून आडवे धरून सावकाश हलविल्यास उरलेली भुकटी समान पसरते व आणखी काही पाने निघतात. सांडलेली भुकटी गरम पाण्याने धुऊ नये, थंड पाण्यानेच धुवावी. उष्णतेने ती वितळून चिकटते.

क्यूआर संकेत असलेले आधारपत्र किंवा अन्य दस्तऐवज छापताना ही काळजी विशेष महत्त्वाची आहे. अक्षरे फिकी असली तरी माणूस ती वाचू शकतो. परंतु चौकोनी संकेतावरून पांढरा पट्टा गेला, तर यंत्राला तो वाचता येईलच असे नाही.

मराठी अक्षरांचा प्रश्न

प्रिंटरवर विनाकारण येणारा एक आळ मराठीच्या बाबतीत वारंवार आढळतो. पंचायतीतून किंवा शाळेतून आलेली जुनी फाइल घरच्या संगणकावर उघडली, की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गर्दी दिसते. छापल्यावर तीच कागदावर येते. हा दोष प्रिंटरचा नाही, फॉन्टचा आहे. पूर्वी अनेक मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. तो विशिष्ट फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे मूळचे इंग्रजी संकेत उघडे पडतात.

भारतीय भाषांसाठी समान संकेत असावा, यासाठी १९८०च्या दशकापासून प्रयत्न झाले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळाले. विंडोजमधील परिचित 'मंगल' हा फॉन्ट मुंबईचे ख्यातनाम सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची रूपे अद्ययावत केली. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही आधुनिक संगणकावर मराठीतच दिसतो. म्हणून नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. आणि जुना मजकूर दुसऱ्यास पाठवावयाचा असल्यास मूळ संगणकावरच त्याची फॉन्टसहित पीडीएफ प्रत करून पाठवावी.

क्वचित पडद्यावर मराठी शुद्ध दिसते आणि कागदावर मात्र वेलांट्या व रफार भलत्याच जागी पडतात. हा दुभाष्याचा, म्हणजे ड्रायव्हरचा, घोटाळा असतो. पीडीएफ वाचण्याच्या आज्ञावलीत छपाईच्या प्रगत पर्यायांमध्ये 'चित्र म्हणून छापा' असा पर्याय असल्यास तो निवडावा. मग संगणक अक्षरांऐवजी पानाचे संपूर्ण चित्र पाठवितो आणि अक्षरे जागच्या जागी उमटतात. छपाईस थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

मदत मागताना सावधगिरी

अडचणीत सापडलेला माणूस साहजिकच इंटरनेटवर कंपनीच्या मदत केंद्राचा क्रमांक शोधतो. येथे फसवणुकीचा धोका असतो. बनावट संकेतस्थळे उभारून, दूरध्वनीवर तंत्रज्ञ असल्याची बतावणी करून, संगणकाचा ताबा देणारी आज्ञावली घालावयास सांगणारे भामटे अशाच वेळेची वाट पाहतात. मदतीचा क्रमांक यंत्राच्या खोक्यावर, सूचनापत्रात किंवा निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच घ्यावा. प्रिंटर दुरुस्त करण्यासाठी बँकेचा तपशील किंवा ओटीपी कधीही लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. तसेच छपाई सार्वजनिक दुकानात करावी लागली, तर तेथील संगणकावर उतरवून घेतलेली आधार किंवा बँकेची कागदपत्रे निघण्यापूर्वी पुसून टाकण्यास विसरू नये.

शाळा आणि पंचायतीसाठी

घराला लागू असलेले हे नियम शाळेच्या व पंचायतीच्या कार्यालयास तितकेच लागू आहेत. तेथे प्रिंटर अडल्यास एका कुटुंबाऐवजी सबंध गावाचे काम खोळंबते. प्रिंटरजवळ एक पुठ्ठा लावून त्यावर यंत्राचे प्रतिरूप, कार्ट्रिजचा क्रमांक, चाचणी-पानाची कृती आणि वर दिलेले चार प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. एक टोनर किंवा शाईची एक बाटली नेहमी शिल्लक असावी. दुरुस्तीची तारीख व कारण एका वहीत नोंदविल्यास तोच दोष पुन्हा उद्भवल्यावर उपाय शोधत बसावे लागत नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलामुलींकडून हा क्रम एकदा करवून घेतला, तर दोष शोधण्याची शास्त्रीय शिस्त त्यांच्या अंगी बाणेल.

निकामी झालेला प्रिंटर आणि रिकामी कार्ट्रिजे कचराकुंडीत टाकू नयेत. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले असून कार्ट्रिजसह प्रिंटर त्यांच्या कक्षेत येतात. ते अधिकृत संकलन केंद्राकडेच द्यावेत.

मानपाड्यातील त्या घरी चाचणी-पान छापून पाहिले असते, तर यंत्र निर्दोष असल्याचे कळले असते. संध्याकाळी वीज जाऊन आल्याने पत्ता बदलला होता आणि पाच आज्ञा रांगेत अडकल्या होत्या, एवढाच तो दोष. रांग रिकामी करून, राउटर, प्रिंटर व संगणक क्रमाने सुरू केल्यावर दहा मिनिटांत दाखला हाती आला असता आणि मुलीचा अर्ज मुदतीत दाखल झाला असता. घरपोच सेवा या शब्दाला अर्थ येतो तो अशा दहा मिनिटांमुळे. नागरिकाच्या घरी यंत्र पोहोचले आहे. त्यासोबत ते समजून घेण्याची रीतही पोहोचावी, हे काम शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य सहज करू शकतील.